रीफ टँकमध्ये वॉटर चेंज केल्यावर (थोडं पाणी बदलल्यावर) स्नेल (गोगलगायी) पडले, श्रिम्प (कोळंबी) गेला, लेदर कोरल बंद, मासे मात्र ठणठणीत. काय झालं असेल?

निळी_खिडकी (डोंबिवली)
सोमवार, रात्री ११.४०

मंडळी घाईत लिहितोय, चुकलंमाकलं समजून घ्या. माझा रीफ टँक (कोरल आणि माशांचा, खाऱ्या पाण्याचा) सव्वादोन वर्षांचा आहे, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण १८० लिटर पाणी. सगळे सॉफ्ट (दगडी सांगाडा नसलेले) कोरलच आहेत, एक मोठं लेदर, झोआ, मशरूम, झेनिया. हार्ड कोरल ठेवत नाही कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रीफ बांधणारी सगळी कोरल शेड्यूल एकमध्ये (सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत) आहेत आणि मला त्या वाटेला जायचंच नाही. माशांत क्लाउनची जोडी आणि एक फायरफिश.

काल रात्री नेहमीसारखा ३६ लिटरचा वॉटर चेंज केला, म्हणजे २० टक्के. तेच समुद्री सॉल्ट, तोच ड्रम, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) लावून रात्रभर फिरवलेलं पाणी. सकाळी ऑफिसला निघताना बघितलं तर सहा ट्रोकस स्नेलपैकी चार वाळूवर उलटे पडलेले. सरळ करून ठेवले तर काच धरतच नाहीत. संध्याकाळी आलो तर क्लीनर श्रिम्प दगडामागे आडवा, पाय अगदी किंचित हलत होते, तासाभरात गेला. दोन वर्षं होता तो माझ्याकडे, हात टाकला की येऊन नखं साफ करायचा. झोआ सगळे मिटलेत, लेदर आक्रसून मेणचट झालंय, झेनिया पंप करत नाहीये, म्हणजे त्याची उघडझाप थांबलीय.

आणि मासे? मासे मस्त खातायत, श्वास नॉर्मल, रंग नॉर्मल. हेच मला कळत नाहीये.

आत्ताचे आकडे: तापमान २६, सॅलिनिटी (खारटपणा) ३५, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १० च्या आसपास, अल्क (क्षारता, डिग्रीत) ७.८. सॉल्ट मिक्सचा अल्क मोजला तर १०.५ आला. कोणी जागं असेल तर सांगा, अजून एक वॉटर चेंज करू का?

---

काचेपलीकडे (पुणे)
सोमवार, रात्री ११.५८

थांब, लगेच दुसरा वॉटर चेंज करू नकोस. ज्या पाण्याने बिघडलं त्याच पाण्याने सुधारणार कसं? आधी कार्बन टाक ताजा आणि मेलेले स्नेल काढ, एकेक वास घेऊन बघ, मेलेला स्नेल लपत नाही. मला तरी हा अल्कचा झटका वाटतोय, ७.८ वरून १०.५ म्हणजे खूप आहे.

---

रसायनवाली (नाशिक)
मंगळवार, सकाळी ६.२०

अल्क नाही हो. २० टक्के पाणी बदललं तर नव्या-जुन्यातला फरक पाचाने भागायचा. १०.५ वजा ७.८ म्हणजे २.७, त्याचा पाचवा भाग साधारण अर्धा. अर्ध्या डिग्रीने सॉफ्ट कोरलना काहीही होत नाही, स्नेलना तर नाहीच नाही. सॅलिनिटीचंही तसंच, नवं पाणी समजा ३२ चं गेलं तरी टँक ३४.४ ला येईल, त्याने कुणी मरत नाही.

म्हणजे जे गेलंय ते असं काहीतरी आहे जे पाचाने भागूनही विषारी राहतं. त्या दिशेने शोधू या.

तरी एक विचारते, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) कशाने सेट करता? साध्या पाण्याने शून्यावर लावत असाल तर ३५ ला तो खोटं बोलू शकतो. ३६.५ ग्रॅम मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवलं की तो बरोबर ३५ दाखवायला हवा. ही आजची अडचण नाही पण करून ठेवा.

---

खाडीकाठ (ठाणे)
मंगळवार, सकाळी ८.०५

फॉगिंग झालं का तुमच्याकडे? आमच्या सोसायटीत शनिवारी डेंग्यूचं फॉगिंग करून गेले, खिडक्या उघड्या होत्या, दोन वर्षांपूर्वी माझे सगळे श्रिम्प असेच गेले होते. स्किमर (हवेच्या फेसाने घाण काढणारं यंत्र) बाहेरची हवा ओढतो त्यातून सरळ पाण्यात जातं ते. डासांच्या लिक्विडचं मशीन टँकच्या खोलीत असेल तर तेही काढ.

---

मालवणी_दर्या
मंगळवार, सकाळी ९.३०

सॉल्ट बघ रे आधी. पावसाळ्यात आपल्याकडची हवा एवढी दमट की बादलीचं झाकण नीट लागलं नसेल तर सॉल्ट दगडासारखं होतं आणि मग ते नीट विरघळत नाही, कॅल्शियम पांढरं होऊन तळाला बसतं. माझं तसं झालेलं. आणि कोणी सांगेल की समुद्राचं पाणी आण, तर आत्ता अजिबात नको, नद्या भरून वाहतायत, किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि अर्धं गोडं आहे. मी स्वतः दिवाळीनंतरच आणतो, तेही खडपापलीकडून होडीने.

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
मंगळवार, दुपारी १.१५

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो, ऑफिसमधून लिहितोय. फॉगिंग आमच्याकडे या महिन्यात नाही झालं, आणि डासांचं मशीन टँकच्या खोलीत कधीच नसतं. सॉल्ट मोकळं आहे, गाठी नाहीत, पाणी स्वच्छ होतं, तळाला पांढरं काही नव्हतं. वाळू दोन सेंटिमीटरच आहे त्यामुळे खाली काळं काही साठलेलं नाही, वासही नाही आला.

रात्री कार्बन टाकला. सकाळपर्यंत अजून एक स्नेल गेला. आता एकच आहे, तो काचेला धरून आहे पण हलत नाही.

---

जर्सीकर
मंगळवार, रात्री ८.४०

इकडे सकाळ झालीय, आत्ता वाचलं. फॉगिंग असतं तर श्रिम्प आधी गेला असता आणि मासेही असे मजेत खाताना दिसले नसते, त्या औषधाने मासेही मरतात. स्नेल मात्र बरेचदा टिकतात. तुझ्याकडे उलटं झालंय, स्नेल सगळ्यात आधी पडले. मासे ठीक, स्नेल, श्रिम्प, कोरल सगळे आजारी, हे मी एकदा माझ्या घरी बघितलंय आणि ते तांबं होतं. कॉपर. आमचं घर जुनं, पाण्याचे पाइप तांब्याचे, आरओचं मेम्ब्रेन फाटलेलं आणि त्यापुढचं डीआय रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे) संपलेलं, मला पत्ताच नव्हता. रात्रभर पाइपात साठलेलं पाणी सकाळी पहिल्यांदा यायचं त्यात सगळ्यात जास्त उतरायचं.

तुमच्याकडे तांब्याचे पाइप नसतात ना पण?

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
मंगळवार, रात्री ९.१०

नाही हो दादा, सगळं प्लास्टिकचं आहे. बिल्डिंग सहा वर्षांची. पंप, हीटर सगळं उघडून बघितलं, कुठे गंज नाही, मॅग्नेट फुटलेलं नाही.

---

काचेपलीकडे (पुणे)
मंगळवार, रात्री ९.२५

पाणी कुठलं वापरतोस? आरओडीआय (आरओ आणि त्यापुढे डीआय) आहे की घरचा प्युरिफायर? टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती येतोय?

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
मंगळवार, रात्री ९.५०

घरचा प्युरिफायर. मला माहितीये वेगळा आरओडीआय हवा, पण आमच्याकडचं पाणी मुळातच मऊ आहे, प्युरिफायरनंतर ८-९ टीडीएस यायचा, दोन वर्षं काही त्रास नाही झाला म्हणून तसंच चालू ठेवलं. आत्ता तुम्ही विचारल्यावर मोजला. ३१ आला.

---

रसायनवाली (नाशिक)
मंगळवार, रात्री १०.०२

३१ ने कुणी मरत नाही. पण ९ चा ३१ का झाला हा प्रश्न आहे. प्युरिफायरचं अलीकडे काही केलंय का? सर्व्हिसिंग, फिल्टर बदलणं, काहीही? घरच्यांना विचारा.

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
मंगळवार, रात्री १०.३५

ताई.

आईला विचारलं. गणपतीला पाहुणे येणार म्हणून तिने बारा दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग करून घेतलं, मी घरी नव्हतो. सर्व्हिसवाल्याने सांगितलं की नवीन कॉपरवालं कार्ट्रिज आलंय, तब्येतीला चांगलं असतं, तर तिने हो म्हटलं. आमच्याकडे आजी असेपर्यंत रात्री तांब्याच्या लोट्यात पाणी भरून ठेवायची आणि सकाळी तेच प्यायचो सगळे, त्यामुळे आईला ते आवडलं. प्युरिफायरचं झाकण उघडलं तर आत शेवटी एक नवीन पारदर्शक नळकांडं आहे, त्यात लालसर दाणे.

मी दोन मिनिटं तसाच बसून होतो. आई विचारत होती काय झालं, मी काही नाही म्हटलं.

---

जर्सीकर
मंगळवार, रात्री १०.४१

सापडलं मित्रा. आता टँकमध्ये त्या नळाचं एक थेंब पाणी टाकू नकोस, टॉप-अपसुद्धा (उडून गेलेल्या पाण्याची भर) नाही.

---

रसायनवाली (नाशिक)
मंगळवार, रात्री ११.१५

आधी आईंना सांगा की त्यांचं काही चुकलं नाही आणि ते पाणी प्यायला ठीक आहे. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आहे, आयएस १०५००, त्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं असं दिलंय. माणसाच्या शरीराला थोडं तांबं लागतंच.

पण उघड्या समुद्रात तांबं लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमच्याही खाली असतं. गंमत अशी की श्रिम्प आणि स्नेल यांच्या रक्तात लोहाऐवजी तांबंच असतं, हिमोसायनिन म्हणतात, म्हणून त्यांचं रक्त निळसर. तरीसुद्धा पाण्यात मोकळं तांबं वाढलं की ते त्यांच्या कल्ल्यांतून आत शिरतं, शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि मरतात. माशांना तेवढ्याने काही होत नाही. म्हणून तर माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मोकळं तांबं देतात, आणि ते नेहमी वेगळ्या टँकमध्ये, रीफमध्ये कधीच नाही. तुमचे मासे मजेत आहेत यात म्हणूनच काही नवल नाही.

उद्या कॉपरचं किट आणा, गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्याला चालणारं. पहिली टेस्ट प्युरिफायरच्या पाण्याची करा, टँकची नंतर.

---

शिंपला_२१
मंगळवार, रात्री ११.३०

माझ्याकडे असाच प्युरिफायर आहे!! आणि मला वाटत होतं श्रिम्प माझ्याच हाताला लाभत नाहीत, चार वेळा आणले. उद्याच बघते काय आहे आत.

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
बुधवार, रात्री ८.५५

किट मिळालं, हाफ डे टाकून दादरला जाऊन आणलं. प्युरिफायरच्या पाण्याचा रंग ०.२५ च्या खुणेला बरोबर जुळतो. टँकच्या पाण्यात मात्र जवळजवळ काहीच नाही, अगदी पुसटशी छटा, ती पण मला दिसतेय की मी दिसवून घेतोय ते माहीत नाही. मग फक्त ३६ लिटरने एवढं कसं झालं?

---

रसायनवाली (नाशिक)
बुधवार, रात्री ९.३०

फक्त ३६ लिटर नाही. टॉप-अप विसरलात. रोज किती पाणी उडतं तुमच्याकडे?

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
बुधवार, रात्री ९.३४

पंखे लावलेत थंड ठेवायला, त्यामुळे रोज तीन लिटर सहज.

---

रसायनवाली (नाशिक)
बुधवार, रात्री ९.५८

मग हिशोब बघा. तीन लिटर रोज, बारा दिवस, ३६ लिटर. लिटरला ०.२५ प्रमाणे ९ मिलिग्रॅम तांबं. पाणी उडून गेलं, तांबं टँकमध्येच राहिलं. त्यावर रविवारी एका फटक्यात अजून ३६ लिटर, म्हणजे आणखी ९. एकूण १८ मिलिग्रॅम, १८० लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ०.१. किटची पहिलीच खूण ०.२५ ची आहे, त्याला ०.१ दिसणार कसं? त्यातलं काही दगडांनी आणि वाळूने धरून ठेवलं असेल म्हणून पाण्यात अजून कमी.

गेल्या आठवड्यात काही वेगळं जाणवलं होतं का?

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
बुधवार, रात्री १०.२०

हो ताई. आता आठवतंय. रात्री टँकचे लाइट बंद झाल्यावर सहाच्या सहा स्नेल काचेवर असायचे, गेल्या आठवड्यात दोन-तीनच दिसायचे. झेनियाचा वेग कमी झाला होता, मला वाटलं फिल्टर सॉक धुतलं नाही म्हणून असेल. म्हणूनच तर रविवारी वॉटर चेंज केला, की जरा ताजं पाणी मिळेल त्यांना.

---

काचेपलीकडे (पुणे)
बुधवार, रात्री १०.४५

असं होतंच रे. आपण कोरलचं तोंड बघतो आणि सॉल्टला दोष देतो, पाण्यातून काय येतंय ते बघत नाही.

आता काय करायचं ते. एक, कॉपर पकडणारं रेझिन घे, क्युप्रीसॉर्ब किंवा पॉलीफिल्टर, जे मिळेल ते. पॉलीफिल्टरचा फायदा असा की तांबं ओढलं की तो निळा पडतो, डोळ्यांना दिसतं. कार्बन चालू ठेव पण त्याच्यावर विसंबू नकोस, सुटं तांबं तो फारसं धरत नाही. दोन, शुद्ध पाण्याने मोठे वॉटर चेंज.

---

शिंपला_२१
बुधवार, रात्री १०.५०

कंडिशनर टाकला तर? बाटलीवर लिहिलेलं असतं जड धातू निष्प्रभ करतो.

---

रसायनवाली (नाशिक)
बुधवार, रात्री ११.०५

त्याने धातू बांधला जातो, पाण्यातून जात नाही. बांधलेला धातू रेझिनला पकडायला आणखी कठीण. काढून टाकायचं असेल तर कंडिशनर नको.

आणि थोडं थोडं पाणी बदलून वेळ काढू नका. २० टक्क्यांचे दोन चेंज केले तरी ६४ टक्के तांबं मागे राहतं. ४० चे दोन केले तर ३६ उरतं. शुद्ध पाणी पाहिजे मात्र, १४०-१५० लिटर.

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
बुधवार, रात्री ११.२०

बॅटरी वॉटरचे पाच लिटरचे कॅन चालतील का? पेट्रोल पंपावर मिळतात ते.

---

कल्याणचा_समुद्र
बुधवार, रात्री ११.३३

कॅन मोजत बसू नका, ७२ लिटरला पंधरा लागतील आणि प्रत्येकाचा टीडीएस वेगळा निघतो, मी करून बसलोय हे. मी कल्याण पश्चिमेला आहे, आरओडीआय आहे, टीडीएस शून्य. रात्रभर चालू ठेवतो. उद्या संध्याकाळी २० लिटरचे चार जार घेऊन या, परत शनिवारी या. पैसे-बिसे काही नको. मी पण याच धाग्यावरून शिकलोय सगळं.

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
शुक्रवार, सकाळी ७.१०

काल रात्री एक वाजता ७२ लिटर बदललं. कल्याणच्या दादांनी जार रिक्षात चढवून दिले, वर त्यांच्या टँकमधल्या शैवालाची एक मूठ दिली, धातू थोडे तेही शोषतं म्हणाले. तापमान आणि सॅलिनिटी जुळवूनच टाकलं. पॉलीफिल्टर मिळाला, सम्पमध्ये पाण्याच्या धारेखाली ठेवलाय.

शेवटचा स्नेल आहे अजून. बुधवारी होता त्याच जागेवर.

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
रविवार, रात्री १०.१५

दुसरा ७२ लिटरचा चेंज झाला. पॉलीफिल्टर कडेने निळा पडलाय. आईला दाखवला. तिने बराच वेळ हातात धरून बघितला आणि म्हणाली अगोदर का नाही सांगितलंस. मग सगळं सांगितलं, ते पाणी आपल्याला चांगलंच आहे, फक्त यांना चालत नाही. आता तिने स्वतः प्युरिफायरवर चिकटपट्टी लावून लिहिलंय, टँकसाठी नाही.

झोआ निम्मे उघडलेत. लेदर अजून मेणचटच आहे.

---

मालवणी_दर्या
सोमवार, सकाळी ९.००

लेदरची काळजी करू नको, ते त्रास झाला की वरची साल टाकतं, आठ-पंधरा दिवस घेईल. फक्त त्याच्यावर प्रवाह चांगला ठेव म्हणजे साल निघून जाईल, हाताने सोलू नको.

---

जर्सीकर
सोमवार, रात्री ८.२०

पुढचं पाणी कुठून घेणार ते ठरवलंस का? नवीन श्रिम्प दोन महिने तरी आणू नकोस. दगडात बसलेलं तांबं हळूहळू परत सुटतं, रेझिन तोपर्यंत बदलत राहा.

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
सोमवार, रात्री ९.४५

हो, ठरवलं. दुसऱ्या एका सर्व्हिसवाल्याला बोलावून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे, कार्ट्रिजच्या आधी, टी-जॉइंट टाकून घेतला आणि वेगळा छोटा नळ काढला. त्यापुढे डीआय रेझिनचं एक नळकांडं लावलंय. त्या नळाचा टीडीएस शून्य आणि कॉपर किटला रंग नाही. आईचं तांब्याचं पाणी तिच्या नळाला तसंच चालू आहे.

---

शिंपला_२१
बुधवार, संध्याकाळी ७.३०

माझ्याही प्युरिफायरमध्ये तेच निघालं, दीड वर्षांपासून. टी-जॉइंट मेम्ब्रेननंतर म्हणजे नक्की कुठे, टाकीच्या आधी की नंतर?

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
बुधवार, रात्री ९.०५

टाकीच्या आधी, मेम्ब्रेनमधून जी बारीक पांढरी नळी शुद्ध पाणी घेऊन निघते तीवर. दुसरी नळी निघते ती खराब पाण्याची, ती नको. सर्व्हिसवाल्याला दोन्ही नळ्यांचा टीडीएस मोजून दाखवायला सांगा, चूक होत नाही मग. पाणी अगदी हळू येतं, रात्री ड्रमला नळी लावून ठेवावी लागते, आणि ड्रम भरून वाहू नये म्हणून पाण्यावर तरंगणारा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर हॉलमध्ये पाणी.

---

निळी_खिडकी (डोंबिवली)
अकरा आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी ६.५०

उशिरा लिहितोय, पण ज्यांनी रात्री जागून मदत केली त्यांना कळायलाच हवं. पॉलीफिल्टर दोनदा बदलला, तिसरा पांढरा राहिला, म्हणजे शेवाळी झाला पण निळा नाही. लेदरने तेराव्या दिवशी साल टाकली, आता पूर्वीपेक्षा मोठं उघडतं. झेनियाचा अर्धा गुच्छ गेला, उरलेला पंप करतोय. तो एकटा स्नेल वाचला.

गेल्या शनिवारी तीन नवीन ट्रोकस आणले, दीड तास थेंब थेंब पाणी देऊन सोडले. रात्री तीनला उठून टॉर्च लावला तर चौघेही काचेवर होते. आई पण उठली होती, तीच म्हणाली चार आहेत बघ.

श्रिम्प पुढच्या महिन्यात.